खाट नऊ

साडेअकराला सुरू होतं.
आधी एकच करकर,
मग दोन्ही जबडे कामाला लागतात.

शरफुद्दीन साखरकर, वय एकोणचाळीस,
सोहार बंदरातल्या गोदामाच्या छपरावरून
सात मीटर खाली,
हेल्मेटसकट.

पहिल्या रात्री मनात आलं, जात्यासारखा आवाज.
मग म्हटलं, नको.
जात्यात बाहेरून घास घालावा लागतो.
इथे दातच दाण्याच्या जागी,
ओठाच्या कोपऱ्यातला पांढरा चुरा
मी गॉजने टिपते.

खरं तर तो आवाज तिसऱ्यांचा आहे,
रोवळीत घालून खळखळून धुताना
शिंपल्यावर शिंपला घासतो, तो.
माझं माहेर हर्णैचं. मला कळतं.

जुलेखाचा फोन येतो बाणकोटहून.
तिकडे एक वाजलेला असतो.
"सिस्टर, ते कुणावर चिडलेत?"
आपल्या भाषेनं दुसरी वाटच ठेवली नाही,
माणूस दातओठ खातो म्हणजे राग.
मी सांगते, राग नाही हो,
मेंदूचा वरचा भाग खालच्याला
'पुरे' म्हणायचा, तो म्हणेनासा झालाय.
ती ऐकून घेते. मग म्हणते,
"मुकादमानं सहा महिन्यांचा ओव्हरटाइम बुडवला होता त्यांचा."
हे मी चार्टवर लिहीत नाही.

डॉक्टर रय्या म्हणाल्या, आधी कुठे दुखतंय का बघा.
बघितलं. टाचेची जखम, लघवीची नळी, कान, अक्कलदाढ.
उलटीचं एक औषध बंद केलं,
कधीकधी त्यानंही होतं म्हणून.
स्नायू सैल करायची गोळी दिली
तर तो दिवसभर पेंगला,
आणि फिजिओचा बिनॉय माझ्यावरच ओरडला,
आता बसवू कसा याला?
मग दातांचा साचा घेतला (माझं बोट थोडक्यात वाचलं),
मऊ कवच बनवून आलं, निळसर, डबीत घालून.
चौथ्या रात्री त्याचे दोन तुकडे उशीवर मिळाले.
घशात मिळाले असते तर,
हा विचार मी पहाटे बसमध्ये केला.

शेवटी सुई.
तीच, जी मस्कतच्या श्रीमंत बायका
कपाळाच्या आठ्यांसाठी घेतात.
याच्या गालांत, जबड्याच्या जाड स्नायूत,
थोडी कानशिलांत.
विषच आहे, डॉक्टर रय्या हसून म्हणाल्या,
आठवडाभर वाट बघा.

पाचवी रात्र, सहावी.
करकर पातळ होत गेली.
नवव्या रात्री साडेअकरा वाजले
आणि एसी ऐकू आला.
नळीतल्या दुधाचा पंप ऐकू आला.
काचेबाहेर रिफायनरीची ज्योत,
तिचा आवाज इथवर येत नाही.
मी लिहिलं: दात खाणे थांबले.
नावाखाली जरा ऐटीत सही केली.

फोन आला.
ती कितीतरी वेळ गप्प.
"सिस्टर, आवाज बंद का?"
औषध लागू पडलं, मी सांगू लागले, चांगलं झालं...
"मला खरं सांगा."
"अहो, खरंच..."
"चार महिने तो आवाज ऐकूनच झोपते मी."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मीही विचारलं नव्हतं.

फोन त्याच्या नाकाशी धरला.
श्वास काही नीट जाईना पलीकडे,
नुसती खरखर, ती तर लाइनचीही असते.
व्हिडिओ लावते म्हटलं, तर म्हणाली नको,
टाके बघवत नाहीत.
मग तिनंच विचारलं,
"दात किती राहिलेत?"

बॅटरी घेतली. हनुवटीला हात लावला,
चार महिन्यांत पहिल्यांदा
तोंड सहज उघडलं,
झोपलेल्या कुणाचंही उघडावं तसं.
खालच्या उजव्या दाढेपासून सुरुवात केली,
मोठ्यानं, फोन कानाला लावून.
एक. झिजलाय, पण आहे.
दोन.
तीन, तिनंही म्हटलं.
चार.